कान्नोलीला फोड येत नाहीत, तेलात उकलतात, भरल्यावर सादळतात: नेमकं कुठे चुकतंय

गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे. कुणी नागपूरहून फोटो पाठवतं, कुणी जर्मनीतून, आणि फोटोत दरवेळी तेच, शंकरपाळ्यासारख्या गुळगुळीत नळ्या, त्यातल्या दोन-तीन तेलात उकलून सपाट झालेल्या, आणि खाली लिहिलेलं असतं की ताई रेसिपी अगदी तंतोतंत केली होती मग असं का झालं. प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते. मी इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मोला पाच वर्षं राहिले, बाल्लारो बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, आणि हे सगळं आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांच्या, म्हणजे तिथल्या बाईंच्या, स्वयंपाकघरात उभं राहून शिकले, त्यामुळे खाली लिहितेय ते स्वतःच्या हाताने करून, बिघडवून, परत करून बघितलेलं आहे.

ज्यांना पदार्थच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. कान्नोली म्हणजे तळलेली पोकळ नळी आणि तिच्यात मेंढीच्या दुधाचा गोड केलेला रिकोत्ता, म्हणजे मऊ ताजं चीज. एक असेल तर कान्नोलो, जास्त असतील तर कान्नोली. कान्ना म्हणजे ओढ्याकाठी उगवणारा बोरूसारखा जाड वेत, पूर्वी त्याची कांडी कापून त्यावर पारी गुंडाळून तळायचे म्हणून हे नाव, आता सगळीकडे स्टीलच्या किंवा पत्र्याच्या नळ्या असतात. आणि बाहेरच्या तळलेल्या नळीला तिकडे स्कोर्झा म्हणतात, म्हणजे झाडाची साल. हा शब्द लक्षात ठेवा, कारण नळी नीट झाली का नाही ते ठरवायला दुसरं काही बघावं लागत नाही. ती सालीसारखी खडबडीत, फोडाफोडांची दिसली पाहिजे. गुळगुळीत झाली तर ती खायला लागते कडक, दातांना त्रास देणारी, आणि फोड आलेली असेल तर ओठ लावला की चुरा होते. फोड दिसायला छान म्हणून नाहीत, खुसखुशीतपणा त्यांच्यातच असतो.

माझी पहिली खेप बिघडली ती कार्निव्हलच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीत. कान्नोली मुळात कार्निव्हलचाच पदार्थ, आता बारा महिने मिळतो ती गोष्ट वेगळी. मी पीठ मळलं, लाटलं, तळलं, सगळ्या नळ्या गुळगुळीत. मला वाटलं तेलाचं काहीतरी आहे. दुसऱ्या खेपेला तेल बदललं, तरी तेच. तिसऱ्या वेळी पीठ बदललं आणि व्हिनेगर वाढवलं आणि तरी तेच, मग मात्र मला रडूच यायला लागलं कारण दिवाळीच्या करंज्या मी वयाच्या बाराव्या वर्षापासून आईबरोबर करतेय आणि मला ही एवढीशी नळी जमत नव्हती. मग चौथ्या वेळी तळायच्या आधीच पिठाचा गोळा वाटीत घेऊन खाली गेले. सिन्योरांनी त्यात अंगठा दाबला आणि दोनच शब्द म्हणाल्या, त्रोप्पो मोल्ले. फार मऊ आहे. मग वर आल्या, माझ्या गॅसकडे बघितलं, आणि आच मोठी केली.

तेव्हा मला कळलं की मी सगळं बरोबर उलटं करत होते. मी पीठ पुरीसारखं मळत होते आणि तेल करंजीसारखं ठेवत होते. पाहिजे ते नेमकं याच्या उलट, पीठ करंजीचं आणि तेल पुरीचं. मला आलेल्या फोटोंपैकी दहातल्या आठांचं कारण हेच निघतं, कारण आपल्या हाताला जी सवय आहे ती आपल्याला नकळत तिकडेच नेते. मोहन घातलेलं पीठ दिसलं की आपण आच मंद करतो, करंजी मंद आचेवरच तळायची असते हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं.

फोड येतात कसे

पिठात पाणी असतं, आपण त्यात वाइन घालतो म्हणजे अल्कोहोलही असतं. पारी गरम तेलात पडली की बाहेरचा पापुद्रा लगेच धरतो, आतल्या पाण्याची वाफ होते, अल्कोहोल तर ७८ अंशालाच उकळतं म्हणून त्याची वाफ आणखी लवकर होते, आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे ती वाफ पापुद्रा जागोजागी उचलते. तोच फोड. म्हणजे यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जमायला हव्यात: वाफ झटक्यात व्हायला पाहिजे, पापुद्रा वाफ धरण्याइतका चिवट पाहिजे, आणि तिला उचलता येईल इतका पातळ पाहिजे.

आता बघा, तेल कमी तापलेलं असलं की पाणी हळूहळू निघून जातं, झटका बसतच नाही आणि पारी नुसती वाळत जाते. करंजीला आपल्याला तेच पाहिजे असतं, फोड नको असतात, म्हणून तिथे मंद आच बरोबर. पीठ सैल असलं की पाणी इतकं असतं की पापुद्रा धरेपर्यंतच वेळ जातो, वरून लाल होतं आणि आतून वातड राहतं. आणि पारी जाड असली की वाफेत तेवढा जोर नसतो, ती बिचारी आतच जिरते.

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा चण्याएवढा तुकडा टाका, तो तळाला जाऊन बसता कामा नये, लगेच वर येऊन फसफसला पाहिजे. सिसिलीत जुन्या घरांत अजूनही स्त्रुत्तोत तळतात, म्हणजे डुकराच्या चरबीत, पण बऱ्याच घरांत आता शेंगदाणा तेल वापरतात, जे आपल्याकडे घरोघरी असतंच, तर तेलासाठी अडून बसायची गरज नाही. फक्त तेल भरपूर घ्या, नळी बुडाली पाहिजे, आणि एका वेळी तीनच्या वर सोडू नका कारण स्टीलची नळी थंड असते आणि पाच-सहा एकदम सोडल्या की तेलाचं तापमान धाडकन खाली येतं. पहिल्या दोन नळ्यांना फोड येतात आणि मग पुढच्यांना येत नाहीत, असं ज्यांचं होतं त्यांनी हेच तपासा.

पीठ

मी वापरते ते प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मोहन ३० ग्रॅम, कोको एक छोटा चमचा, दालचिनीची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, व्हिनेगर एक मोठा चमचा आणि मार्साला वाइन साधारण ८० मिलि. अंड घालायचं नाही, पांढरं फक्त चिकटवायला बाजूला ठेवायचं. काही घरांत अंड घालतात, त्याला माझा विरोध नाही, पण शिकताना नको कारण अंड्याने पीठ किती सैल झालंय ते पटकन कळत नाही.

वाइन एकदम ओतायची नाही. हे मी जोर देऊन सांगतेय कारण ८० मिलि लिहिलंय म्हणून लोक मोजून सगळी ओततात, आणि प्रत्येक मैदा वेगळा असतो, पावसाळ्यात तर मैदा आधीच दमट असतो. ६० घाला, मग चमचा चमचा वाढवत जा, आणि पीठ जेमतेम गोळा होतंय, मळताना मनगटाला त्रास होतोय, असं वाटलं की थांबा. पहिली पाच मिनिटं ते तुटक-तुटक आणि रागावल्यासारखं दिसेल, तेव्हा घाबरून पाणी घालू नका. दहा मिनिटं मळा, घट्ट झाकून किमान एक तास ठेवा, रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं तर आणखी चांगलं. मुरल्यावर तेच पीठ हाताला रेशमासारखं लागतं.

मोहनाबद्दल सगळ्यांचा प्रश्न असतो. मुळात घालतात ते स्त्रुत्तोच. ज्यांना चालत नाही, आणि आपल्यात बहुतेकांना चालणार नाही, त्यांनी साजूक तूप घाला, थिजलेलं, वितळवून नाही. लोणी घालू नका असं मी म्हणते कारण लोण्यात पाणी असतं आणि चरबीत किंवा तुपात नसतं, आणि आपली सगळी धडपड पाण्याशी चाललेली आहे. मी पालेर्मोत असताना घरच्या कढवलेल्या तुपात केलेल्या नळ्या सिन्योरांना दिल्या होत्या, त्यांनी वास घेऊन विचारलं हे काय घातलंस, आणि मग दुसरी उचलली.

मार्साला ही सिसिलीच्या पश्चिम टोकाच्या मार्साला शहराचीच वाइन, गोडसर आणि जास्त अल्कोहोलची. भारतात ती मिळायला अवघड आणि महाग, त्यासाठी थांबू नका. गोव्याची पोर्ट वाइन घ्या, गोड असते आणि काम छान होतं, फक्त पिठातली साखर थोडी कमी करा. साधी रेड वाइनही चालते. अजिबातच वाइन नको असेल तर पाणी आणि व्हिनेगर, पण मग फोड कमी येतील हे आधीच मान्य करून करा. व्हिनेगर मात्र वगळू नका, त्याने लाटताना पीठ मागे ओढत नाही.

साखर वाढवायचा मोह टाळा. पिठात साखर जास्त झाली की पारी फोड यायच्या आत लाल होते, आपल्याला वाटतं झालं, आणि काढली जाते कच्ची. कोकोमुळे तर रंगाचा अंदाज आणखी फसतो.

इटलीत राहणाऱ्यांसाठी एक, तिथे मानितोबा नावाचं पीठ मिळतं ते ब्रेडसाठीचं आहे, ते यात वापरू नका, लाटलेलं सगळं रबरासारखं आक्रसतं. साधं झेरो झेरो (००) लिहिलेलं पीठ घ्या. आपला नेहमीचा मैदा तसाच चालतो.

लाटणं आणि गुंडाळणं

दीड मिलिमीटरच्या वर जाडी नको, मी तर एकच ठेवते. पोळपाटावर पारी उचलून उजेडात धरली तर पलीकडची बोटं अंधुक दिसली पाहिजेत. हातावर इतकं पातळ होत नसेल तर पास्ता मशीन वापरा, आणि मशीन असेल तर आणखी एक करा, पट्टी लाटून घडी घाला, परत लाटा, परत घडी, असं चार-पाच वेळा. त्याने थर पडतात आणि फोडांना जागा मिळते. मशीन नसलं तरी लाटण्याने हे होतं, वेळ लागतो एवढंच. सुकं पीठ कमीत कमी लावा. जास्त लावलं की ते तेलात खाली बसून जळतं, आणि शिवाय चिकटवायच्या जागी ते असलं तर कडा चिकटतच नाहीत.

दहा सेंटिमीटरचा गोल कापा, हाताने किंचित ओढून लांबट करा, आणि लांब बाजू नळीच्या लांबीला येईल असं गुंडाळा. आता उकलण्याची कारणं सगळी इथे आहेत. एक तर कडा एकमेकींवर जेमतेम टेकवलेल्या असतात, चांगल्या एक सेंटिमीटर एकावर एक यायला हव्यात. दुसरं म्हणजे पांढरं ब्रशने भरपूर लावलेलं असतं, ते वाहून स्टीलला लागतं आणि तिथे नळी कायमची चिकटते. बोटाच्या टोकाने, फक्त वरच्या कडेच्या खालच्या बाजूला, पुसट लावा, मग अंगठ्याने दाबा आणि दोन मिनिटं तशीच जोडावर टेकवून ठेवा. तेलात सोडताना जोडाची बाजू खाली.

आणि गच्च गुंडाळू नका. हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं गच्च असेल तर सुटणार नाही, पण गच्च पारी फुगायला जागा शोधते आणि जागा मिळाली नाही की जोडच फोडते. थोडी सैल, नळीवर फिरवली तर फिरेल इतपत.

स्टीलच्या नळ्यांना पहिल्यांदा तेलाचा हात लावा, पुढे लागत नाही. एका खेपेतून काढलेली गरम नळी लगेच परत वापरू नका, तिच्यावर पारी ठेवली की मोहन वितळतं, पारी चिकटते आणि ओढली की फाटते. म्हणून आठ-दहा नळ्या घ्याव्यात असं मी सगळ्यांना सांगते, दोन-चारात काम होतं पण मग दर वेळी गार व्हायची वाट बघावी लागते आणि माणूस वैतागून गरमच वापरतो. दोन खेपांच्या मध्ये साबणाने धुवायचं नाही, कागदाने पुसायच्या.

फोड आले, तरी मऊ पडतात

याला दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. रिकाम्या नळ्याच डब्यात मऊ पडल्या तर दोष तळण्याचा, आणि भरल्यावर पडल्या तर दोष रिकोत्त्याचा. आधी हे ओळखा, उगाच नको ती गोष्ट दुरुस्त करत बसू नका.

रिकाम्याच सादळत असतील तर त्या आतून कच्च्या आहेत. नळीची आतली बाजू स्टीलला टेकलेली असते, तिला तेल मिळत नाही, त्यामुळे बाहेरून सुंदर रंग आला तरी आत ओल राहते आणि रात्रभरात ती ओल बाहेरच्या पापुद्र्यात शिरते. उपाय असा की दीड-दोन मिनिटांनी रंग आला की नळी काढा, कापडात धरून स्टील हलकेच पिळून ओढून घ्या, गरम असतानाच, गार झाली की सुटत नाही, आणि मग ती पोकळ पारी परत तेलात दहा-पंधरा सेकंद सोडा. आतून तेल फिरतं आणि आतला पांढरट रंग जातो. रंग फिकट सोनेरी नको, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा गडद पाहिजे. कागदावर उभ्या ठेवून निथळू द्या, पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे तरी सहज राहतात. मुंबईच्या पावसात सादळल्याच तर १५० अंशाच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवा, परत जशाच्या तशा होतात.

भरल्यावर मऊ पडत असतील तर मग रिकोत्त्याबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण अर्धी कान्नोली तीच आहे.

रिकोत्ता या शब्दाचा अर्थच परत शिजवलेला. चीज करून उरलेलं निवळ पाणी परत तापवतात, त्यात वर जो मऊ साका येतो तो रिकोत्ता. बाल्लारोत तो छोट्या टोपल्यांमध्ये मिळतो, सकाळी गेलं तर अजून कोमट असतो, आणि त्या टोपल्यांच्या खाली पाण्याचं थारोळं असतं. इतकं पाणी त्यात असतं. मेंढीचा रिकोत्ता थंडीपासून वसंतापर्यंत सगळ्यात चांगला, डोंगरावर हिरवा चारा असतो तेव्हा, उन्हाळ्यात कुरणं वाळली की दूधच कमी होतं. पालेर्मोच्या जवळ डोंगरात पिआना देल्यी आल्बानेझी नावाचं गाव आहे, १४८८ मध्ये आल्बानियातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं, तिथल्या कान्नोलीसाठी लोक मुद्दाम गाडी काढून जातात. भल्या मोठ्या असतात, आणि तुम्ही मागितल्यावरच भरतात. काचेत आधीपासून भरून ठेवलेल्या दिसल्या तर सिसिलीतला माणूस त्या दुकानात शिरत नाही. तुमच्या घरच्या नळ्या मऊ पडतात म्हणून तुम्ही वाईट वाटून घेताय, पण जिथला हा पदार्थ तिथेही भरून ठेवलेली नळी तासाभरात मऊच पडते, म्हणून तर तिकडे हा नियम.

पण दहा मिनिटांतच लिबलिबीत होत असेल तर रिकोत्त्यात पाणी आहे. ते काढायचं कसं ते आपल्याला चांगलं माहीत आहे, श्रीखंडाला चक्का बांधतो तसंच. पातळ कापडात किंवा चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून, फ्रीजमध्ये रात्रभर. पिळायचं नाही, पिळलं की साकाच बाहेर येतो. सकाळी खालच्या भांड्यात जे पाणी दिसेल ते बघून तुम्हालाच कळेल की आधी ते सगळं नळीत जात होतं.

मग साखर. चक्क्यात साखर घातली की श्रीखंड सैल होतं ना, तेच इथे होतं, साखर पाणी ओढून घेते. म्हणून साखर मिसळून लगेच भरायचं नाही. ५०० ग्रॅम निथळलेल्या रिकोत्त्याला १५० ते १७० ग्रॅम साखर घाला, जुन्या पद्धतीत तर रिकोत्त्याच्या वजनाच्या अर्धी साखर घालतात पण मला ती फार होते, हलकेच मिसळा आणि परत तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा, कडेला पाणी सुटलं तर ओतून टाका. त्यानंतर बारीक चाळणीतून किंवा आपल्या पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र या कामाला इतकं छान आहे की मी पालेर्मोला नेलेलं माझं यंत्र येताना सिन्योरांकडेच ठेवून आले.

मिक्सर नाही, हॅन्ड ब्लेंडर नाही, बीटरसुद्धा नाही. यंत्राने फिरवलं की साक्याची घडण मोडते, त्यात धरलेलं पाणी सुटतं आणि रिकोत्ता ताकासारखा वाहायला लागतो, आणि एकदा वाहिला की परत घट्ट होत नाही. मग लोक त्यात कॉर्नफ्लोअर घालतात, क्रीम फेटून घालतात, तसं केलं की तो चवीला रिकोत्ता उरत नाही. असं झालंच असेल तर ते पातळ मिश्रण केकमध्ये वापरा आणि नवीन रिकोत्ता निथळायला टाका.

भारतातल्यांसाठी: शहरात गाईच्या दुधाचा रिकोत्ता मिळतो, तो घ्या आणि दोन रात्री निथळा, कारण तो जास्त ओला असतो. चक्का वापरू नका, आंबट होतो. दूध फाडून केलेला छेना चालतो पण तो दाबू नका, कोरडा केला की चाळणीतून काढल्यावरही रवाळ लागतो. पनीरच्या उरलेल्या पाण्यातून घरी रिकोत्ता करायला जाऊ नका, दूध उकळून लिंबाने फाडलेलं असतं तेव्हा सगळा साका पनीरमध्येच आलेला असतो आणि पाण्यात जवळजवळ काही उरत नाही. बऱ्याच जणी तासभर ते पाणी आटवत बसतात म्हणून सांगितलं.

चॉकलेटचे बारीक तुकडे अगदी शेवटी घाला. टोकांना पालेर्मोत पाकवलेल्या संत्र्याच्या सालीची पट्टी लावतात, पूर्वेकडे काटानियाला गेलात तर पिस्त्याचा चुरा. दोन्हीकडचे लोक आपलंच खरं म्हणून सांगतात, मला पालेर्मोचं आवडतं.

नळीच्या आत वितळलेलं चॉकलेट फिरवून घेतात तो उपाय खरोखर चालतो, चॉकलेटची चरबी पाणी अडवते, तासाभराच्या ऐवजी तीन-चार तास कुरकुरीत राहते. पालेर्मोतल्या जुन्या वळणाच्या लोकांना तो पटत नाही आणि मला स्वतःलाही नको वाटतं, कारण मग दालचिनी आणि वाइनचा वास चॉकलेटखाली दबतो. लग्नाकार्याला शंभर नळ्या आधी भरून ठेवायच्या असतील तर करा.

कास्सातेल्ले आणि स्फिंचे

याच मेळातले दोन पदार्थ, त्यांच्याबद्दलही विचारणा येते म्हणून थोडक्यात.

कास्सातेल्ले त्रापानी भागातले, हुबेहूब आपल्या करंजीच्या आकाराचे, आत गोड रिकोत्ता आणि चॉकलेट. हे तेलात फुटतात ही एकच तक्रार असते, आणि ज्याने करंजी केलीय त्याला अर्धं उत्तर माहीत आहे: कडेला सारण लागलेलं असतं किंवा आत हवा राहिलेली असते. उरलेलं अर्धं उत्तर परत पाणीच. करंजीतलं खोबरं कोरडं असतं म्हणून निभावतं, इथे सारण ओलं आहे, त्याची वाफ होते आणि ती वाट काढते. रिकोत्ता इथे कान्नोलीपेक्षाही कोरडा लागतो, दोन रात्री निथळलेला, आणि एका कास्सातेल्लात एक मोठा चमचाच. पारी कान्नोलीपेक्षा किंचित जाड ठेवा, तिथे बारीक दळलेल्या रव्याची करतात, आपला बारीक रवा मिक्सरमधून काढून मैद्यात अर्धा-अर्धा घेतला तर छान होते. कातण्याने कापायच्या आधी कड बोटांनी बाहेरच्या दिशेने दाबत हवा काढून घ्या. भरल्यावर लगेच तळा, ताटात मांडून ठेवलेत तर खालची पारी ओली होऊन तेलात हमखास फुटणार.

स्फिंचा, म्हणजे तळलेला फुगीर गोळा, मात्र वेगळी. ती १९ मार्चला, सेंट जोसेफच्या दिवशी करतात, आणि ती पालेर्मोच्या स्तिम्माते मठातल्या नन्सनी घडवली असं सांगतात. तो मठ आता नाही, तो पाडून तिथे तेआत्रो मास्सिमो हे मोठं ऑपेरागृह बांधलं, १८९७ मध्ये सुरू झालं ते. स्फिंचाचं पीठ गॅसवर शिजवून, गार करून, त्यात एकेक अंड घालून करतात, आणि तक्रार असते की बाहेरून लाल आणि आत कच्चा गोळा, काढल्याबरोबर बसते. इथे मात्र करंजीचं तेल लागतं, १६० ते १६५ अंश, कारण आतपर्यंत शिजायला वेळ द्यावा लागतो. तिला सारखं उलटू नका, फुगली की ती आपोआप पलटी मारते, आणि फुगून टम्म झाल्यावरही आणखी तीन-चार मिनिटं राहू द्या.

परत कान्नोलीकडे येते, एक सांगायचं राहिलं. कुणाकडे घेऊन जायच्या असतील तर नळ्या स्टीलच्या डब्यात आणि रिकोत्ता मेंदीच्या कोनासारख्या पिशवीत भरून वेगळा न्या, बर्फाच्या पिशवीबरोबर. जेवणं झाली, ताटं उचलली की तिथेच, दोन्ही तोंडांकडून अर्धा-अर्धा भरा, एकाच बाजूने भरला तर मध्ये पोकळी राहते. फुटलेल्या नळ्या टाकू नका, त्याही न्या, वाटीत खाली चुरा, वर रिकोत्ता, वर संत्र्याची साल. पालेर्मोत हॉटेलांतसुद्धा तशी वाटी मिळते, आणि माझ्या मुलाला अख्ख्या नळीपेक्षा तीच जास्त आवडते.